काकांच्या जॅझ रेकॉर्ड्स ठेवाव्यात की नव्या ऑडिओफाइल आवृत्त्या घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांच्या पश्चात त्यांचा जॅझचा संग्रह कोथरूडच्या घरी आला. त्यात माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची सत्तरच्या दशकातली लाल लेबलाची अमेरिकन प्रत आहे आणि जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ची जपानमध्ये छापलेली तोशिबाची प्रत आहे. या दोन्ही अल्बमच्या नव्या ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाच्या दर्जासाठी मुद्दाम काढलेल्या, आवृत्त्या आता मिळतात. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून एकेक काही हजारांना पडते. त्या घ्याव्यात, की पैसे साठवून ओरिजिनल फर्स्ट प्रेसिंग (अल्बम निघाला तेव्हाची पहिली छपाई) शोधावं, की काकांच्याच प्रती ऐकत राहावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. ‘काइंड ऑफ ब्लू’ नवी घ्या, कारण तुमच्या प्रतीच्या पहिल्या बाजूत एक खराखुरा दोष आहे. ‘ब्लू ट्रेन’ची जपानी प्रत विकू नका, ब्लू नोट कंपनीच्या टोन पोएट मालिकेतली नवी आवृत्ती कुणाकडे ऐकायला मिळाली तर ऐका, आवडली तर घ्या, घाई काहीच नाही. फर्स्ट प्रेसिंगच्या मागे मात्र लागू नका, निदान आवाजासाठी तरी नको.

मी पुण्यात लोकांची टर्नटेबल्स जुळवून देतो, त्यामुळे एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून ऐकण्याचा योग वारंवार येतो. ‘जुनं ते सोनं’ म्हणणारे आणि ‘१८० ग्रॅम म्हणजे उत्तम’ म्हणणारे, दोघंही चुकीच्या गोष्टीकडे बघत असतात असं माझं ठाम मत झालं आहे. रेकॉर्डचं साल आणि वजन यांच्यावरून आवाज ठरत नाही. कटिंग करताना कोणती टेप लावली होती आणि लेथवर, म्हणजे खाच कापणाऱ्या यंत्रावर, कोण बसलं होतं, यावरून तो ठरतो. बाकीचं सगळं नंतर येतं.

कटिंग म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. स्टुडिओतली मास्टर टेप वाजवतात आणि तिच्या आवाजावर हलणारी छिन्नी लॅकरच्या मऊ तबकडीत खाच कापत जाते. त्या लॅकरवर निकेल चढवून साचा काढतात, त्याला फादर म्हणतात. फादरवरून मदर आणि मदरवरून स्टॅम्पर. स्टॅम्परने गरम व्हिनाइल दाबलं की रेकॉर्ड तयार. ‘वन-स्टेप’ म्हणून ज्या फार महाग आवृत्त्या विकतात, त्यांत मधल्या पायऱ्या गाळून पहिल्या साच्यानेच रेकॉर्ड दाबतात. पृष्ठभाग थोडा अधिक शांत मिळतो, पण एका लॅकरमधून निघणाऱ्या प्रती फार कमी, म्हणून किंमत चढते. लेथवरच्या इंजिनिअरने खर्ज किती ठेवायचा, वरचे स्वर किती उजळायचे, आवाजातले चढउतार किती दाबायचे हे एकदा ठरवलं की पुढच्या कुठल्याही पायरीवर ते बदलता येत नाही.

टेपचंही वय असतं. मास्टर टेप वर्षानुवर्षं पडून राहिली, पुन्हा पुन्हा वाजवली गेली की तिच्यावरचे अतिसूक्ष्म वरचे स्वर हळूहळू झिजतात, कधी चुंबकीय थर सुटतो आणि क्षणभर आवाज दबतो. १९५७ साली ताज्या टेपवरून कापलेल्या रेकॉर्डला हा फायदा आपोआप मिळाला. उलट बाजूला, आजचे लेथ आणि ॲम्प्लिफायर कितीतरी सक्षम आहेत, आणि ऐकणाऱ्याच्या घरातलं टर्नटेबल खोल खर्जावर उडी मारेल ही भीती इंजिनिअरला उरलेली नाही. प्रत्येक अल्बमच्या बाबतीत या दोन गोष्टींचं पारडं वेगळीकडे झुकतं. म्हणून सरसकट नियम करता येत नाही आणि कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता ‘ब्लू ट्रेन’. १५ सप्टेंबर १९५७ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे रूडी व्हॅन गेल्डरने हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्याचा स्टुडिओ म्हणजे आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. दिवसा तो डोळे तपासण्याचा व्यवसाय करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला उंच छताचा स्वतंत्र स्टुडिओ बांधला, तेव्हा कुठे तो पूर्णवेळ याच कामाला लागला. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक अल्फ्रेड लायन त्याच्यावर इतका विसंबून असे की ध्वनिमुद्रणही त्याचं आणि लॅकरचं कटिंगही त्याचंच.

कटिंग करताना व्हॅन गेल्डरच्या डोळ्यांसमोर त्या काळातलं साधं रेकॉर्ड प्लेअर होतं. जड आर्म, बोथट सुई, छोटा स्पीकर. त्यामुळे त्याने खोल खर्ज आखडता घेतला, मधल्या-वरच्या पट्ट्यात धार आणली आणि चढउतार थोडे दाबले. म्हणून जुन्या ब्लू नोटवर ली मॉर्गनचा ट्रम्पेट थेट अंगावर येतो. हा आवाज ज्यांना प्रिय आहे त्यांचं प्रेम खरं आहे, मलाही तो आवडतो. पण टेपवर जे आहे ते सगळं त्या खाचेत नाही. पॉल चेंबर्सचा बेस तिथे ऐकू येतो, त्याच्या वाद्याचं लाकूड ऐकू येत नाही. केनी ड्रूचा पियानो डबीत बसवल्यासारखा वाटतो.

टोन पोएट मालिका ब्लू नोटने २०१९ मध्ये सुरू केली. निवड आणि देखरेख जो हार्लीची, कटिंग केव्हिन ग्रेचं, तेही थेट मूळ अ‍ॅनलॉग टेपवरून, आणि प्रेसिंग कॅलिफोर्नियातल्या आरटीआय कारखान्यात. ‘ब्लू ट्रेन’ या मालिकेत २०२२ मध्ये मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्ही रूपांत आली. ग्रे खर्ज कापत नाही. पहिल्याच मिनिटात फरक कळतो: कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकत्र ती गंभीर धून मांडतात, तेव्हा जुन्या कटिंगमध्ये तिघांचा एक झोत येतो, नव्यात कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन खालच्या अंगाने स्वतंत्र उभा राहतो. ड्रमवादक फिली जो जोन्सच्या राइड सिम्बलवर (मोठ्या झांजेवर) काठी पडल्याचा ‘टिक्’ दोन्हींत आहे. त्यानंतर पितळ किती वेळ झंकारत राहतं ते नव्यात नीट ऐकू येतं. तो झंकार मिळवण्याच्या बदल्यात ट्रम्पेटची ती छातीवर येणारी धडक थोडी निवते. काहींना हे नुकसान वाटतं. मला, कोल्ट्रेनचा सोलो पुन्हा पुन्हा ऐकताना, नवी प्रत जास्त वेळ ऐकवते. कान थकत नाहीत.

तुमच्या जपानी प्रतीचं काय? सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी प्रेसिंगचं व्हिनाइल आजही लाजवेल इतकं शांत असतं. छपाई सुरेख, ओबीची (मुखपृष्ठाभोवतीची कागदी) पट्टी शिल्लक असेल तर मुखपृष्ठही सांभाळलेलं असतं. मात्र जपानमध्ये नव्याने कटिंग झालं ते बहुतेक वेळा अमेरिकेहून पाठवलेल्या टेपच्या प्रतीवरून. टेपवरून टेप उतरवली की दर पिढीला थोडी सरसर वाढते आणि थोडा तपशील जातो. शिवाय कटिंगचा कल वरच्या स्वरांकडे, त्यामुळे आवाज स्वच्छ पण किंचित पातळ. तुमच्या घरातले स्पीकर जाड, दबक्या आवाजाचे असतील तर हीच प्रत तिथे छान वाजेल. स्पीकर मुळातच तीक्ष्ण असतील तर टोन पोएट घेण्याला अर्थ आहे.

एक चाचणी सांगतो, ती तुम्ही घरीच करू शकता. ‘मोमेंट्स नोटिस’ हे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलजवळ तो वेग २१ सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, त्यामुळे सुई जरा वाकडी बसली असली तरी फाटलेला आवाज इथेच प्रथम ऐकू येतो. या गाण्यात चेंबर्स गजाने बेस वाजवतो. गजाचा घासता आवाज आणि खाचेतली खरखर वेगळी ओळखू आली पाहिजे. ती तशी येत नसेल तर नवी रेकॉर्ड घेण्याआधी कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) जुळवून घ्या. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, दोन रेकॉर्ड्सच्या आवृत्त्या निघतात त्या याच अडचणीवरचा उपाय म्हणून. दर पंधरा मिनिटांनी उठून बाजू बदलायची तयारी असेल तर त्यांचा फायदा खरा आहे.

ओरिजिनलबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून रनआउट कसा वाचायचा ते सांगतो. शेवटच्या खाचेनंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर तिरपा उजेड पाडा. जुन्या ब्लू नोटवर तिथे ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ अशी खूण असते, आणि प्लास्टिलाइट कारखान्यात दाबलेल्या प्रतीवर इंग्रजी ‘पी’सारखं हाताने कोरलेलं चिन्ह, ज्याला संग्राहक कान म्हणतात. १९६६ मध्ये ब्लू नोट लिबर्टी या कंपनीकडे गेल्यावर तो कान नाहीसा झाला, पण जुनी लेबलं शिल्लक होती ती नव्या प्रेसिंगवर चिकटवली गेली. नुसत्या लेबलवरून पहिली प्रत म्हणून विकत घेणारे इथेच फसतात. चांगल्या स्थितीतली खरी पहिली ‘ब्लू ट्रेन’ लाखाच्या पुढे जाऊ शकते, आणि जी परवडते ती साधारणपणे जड सुयांनी नांगरलेली असते. तेवढ्या पैशांत टर्नटेबल, कार्ट्रिज आणि ढीगभर उत्तम कटिंगच्या रेकॉर्ड्स येतात. संग्रहाची वस्तू म्हणून घ्यायची असेल तर वेगळी गोष्ट. तो आनंद मी नाकारत नाही.

नव्या रेकॉर्ड्सवरही रनआउट वाचायची सवय लावा. ‘केपीजी’ म्हणजे केव्हिन ग्रे, ‘बीजी’ म्हणजे बर्नी ग्रंडमन, ‘आरकेएस’ म्हणजे स्टर्लिंग साउंडचा रायन स्मिथ. वेष्टनावरच्या सोनेरी स्टिकरपेक्षा ही अक्षरं जास्त सांगतात. ज्या आवृत्तीवर कुणी कापली आणि कशावरून कापली यापैकी काहीच लिहिलेलं नाही, फक्त ‘१८० ग्रॅम ऑडिओफाइल’ एवढंच आहे, तिच्यापासून लांब राहा. युरोपात पन्नास वर्षांहून जुन्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क संपलेला होता, त्याचा फायदा घेऊन सीडीवरून कापलेल्या अशा कितीतरी जॅझ एलपी बाजारात आहेत. दिसायला देखण्या, दर कमी, आणि ऐकायला सपाट.

मोनो-स्टिरिओचा गोंधळही इथेच मिटवू. ‘ब्लू ट्रेन’च्या वेळी व्हॅन गेल्डर मोनो आणि दोन ट्रॅकची स्टिरिओ अशा दोन टेप्स चालवत होता, पण आवाज तपासायचा एका स्पीकरवर, म्हणजे मोनोत. त्यामुळे या काळातली मोनो ही दुय्यम प्रत नाही. १९५८ च्या अखेरीपासून त्याने फक्त दोन ट्रॅकची टेप ठेवली आणि मोनो रेकॉर्ड त्यातल्या दोन बाजू मिसळून काढली. म्हणून १९६० नंतरच्या ब्लू नोटची मोनो प्रत दुप्पट किमतीला कुणी देऊ केली तर त्यात वेगळं मिश्रण नाही हे लक्षात ठेवा. मोनो रेकॉर्ड वाजवताना ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. जुन्या प्रतीची निम्मी कुरकुर तिथेच जाते.

आता ‘काइंड ऑफ ब्लू’, आणि इथे पुणेकर कानाचा खरा उपयोग आहे.

हा अल्बम न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत, पूर्वीच्या एका चर्चच्या इमारतीत, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी ध्वनिमुद्रित झाला. मार्चच्या दिवशी मास्टर टेपचं यंत्र किंचित सावकाश चालत होतं. सावकाश चालत्या यंत्रावर मुद्रित झालेलं योग्य वेगाने वाजवलं की स्वर चढतो आणि लयही थोडी वाढते. त्या दिवशीची तीन गाणी, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, म्हणजे एलपीची अख्खी पहिली बाजू, अशी चढीच छापली गेली. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या रेकॉर्ड्सवर ती तशीच होती. १९९२ मध्ये, सोबत चालवलेल्या दुसऱ्या यंत्राची राखीव टेप तपासताना हे ध्यानात आलं आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते दुरुस्त होऊ लागलं. एप्रिलची ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लॅमेंको स्केचेस’ पहिल्यापासून ठीक आहेत.

फरक अर्ध्या सुराचा नाही, त्याहून बराच कमी. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण सवाई गंधर्वला रात्र-रात्र तंबोऱ्याजवळ बसून ऐकलेल्या माणसाला तो कळतो, फक्त त्याला आधार द्यावा लागतो. असं करा. आधी टर्नटेबलचा वेग तपासा. स्ट्रोब डिस्क (वेग तपासायची रेघांची तबकडी) वापरणार असाल तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं पाहिजे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. अमेरिकेहून आलेल्या डिस्कवर २१६ रेघांचंही वर्तुळ असतं, ते तिकडच्या ६० हर्ट्झसाठी. त्यावर भरवसा ठेवून वेग बिघडवून घेतलेली टर्नटेबल्स मी दुरुस्त केली आहेत. एलईडीखाली रेघा नीट दिसत नाहीत, तेव्हा फोनवरचं वेग मोजायचं ॲप चालेल.

मग फोनवर तानपुरा लावा, पांढरी दोनला, पाश्चात्त्य ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर. ‘सो व्हॉट’ सुरू करा. पियानो आणि बेसचा मुक्त प्रारंभ होऊ द्या. मग बेस प्रश्न विचारतो आणि बाकी सगळे दोन स्वरगुच्छांत उत्तर देतात, तिथून नीट कान द्या. या रचनेचे पहिले सोळा मात्राखंड पांढरी दोनच्या षड्जावर, काफी थाटाच्या स्वरांत आहेत. मग आठ काळी दोनवर सरकतात आणि पुन्हा आठ पांढरी दोनवर येतात. पहिल्या सोळांत तुमच्या लाल लेबलाच्या प्रतीवर बेसचा षड्ज तंबोऱ्याच्या षड्जाच्या जरा वर बसेल आणि दोघांच्या मध्ये लहरी उमटतील, तंबोऱ्याची तार मिळवताना उमटतात तशा. काळी दोनवर गेल्यावर तानपुरा बंद करा, नाहीतर नुसती कटकट होईल. दुरुस्त आवृत्तीवर त्या लहरी नसतात. षड्ज षड्जात मिसळतो.

एकदा हे ऐकलं की माइल्सचा सोलोही वेगळा वाटू लागतो. दुरुस्त वेगात ट्रम्पेटचा पोत किंचित गडद होतो, ड्रमवादक जिमी कॉबची लय थोडी सैलावते, आणि त्या स्वरांमधली जी विश्रांती या अल्बमचा जीव आहे ती अधिक पसरते. माझ्या दृष्टीने ही नवी प्रत घेण्याला सर्वांत सबळ कारण आहे. प्रेसिंग, व्हिनाइल, वजन, सगळं याच्यापुढे दुय्यम. तुमच्या टर्नटेबलला वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी असेल तर एक मार्ग आणखी आहे: पहिल्या बाजूपुरता वेग उतरवत जा, लहरी थांबल्या की तिथे ठेवा. काकांची प्रत तेवढ्यापुरती दुरुस्त झाली. बाजू पलटताना सरकपट्टी शून्यावर आणायला विसरू नका.

कोणती नवी प्रत? २०२१ मध्ये अ‍ॅनलॉग प्रॉडक्शन्सने ‘यूएचक्यूआर’ नावाने काढलेली, बर्नी ग्रंडमनने कापलेली आवृत्ती फार सुंदर आहे. स्टुडिओच्या तळघरातल्या प्रतिध्वनी-कक्षाचा गुंजारव तिच्यात ट्रम्पेटमागे लांबवर जातो. ती मर्यादित प्रतींत निघाली आणि आता विकणारे मनमानी दर सांगतात. त्या दराला ती घ्या असं मी म्हणणार नाही. साधी, वेग दुरुस्त केलेली सध्याची कोलंबियाची आवृत्ती घ्या. तिचं व्हिनाइल तितकं शांत नसेल, पण स्वर जागेवर असतील. पैसे हातात आले की वरची घ्या, आणि तेव्हाही काकांची लाल लेबलाची दुसऱ्या बाजूसाठी ठेवा. ‘ऑल ब्लूज’ तिच्यावर अजून चांगली वाजत असणार.

मोबाइल फिडेलिटीचं नाव निघाल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की या कंपनीच्या बऱ्याच आवृत्त्या, २०११ पासूनच्या, थेट टेपवरून न कापता आधी टेपची डीएसडी या डिजिटल पद्धतीची प्रत काढून तिच्यावरून कापलेल्या होत्या. वेष्टनावर मात्र ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ असं ठळक लिहिलेलं. प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलं आणि तडजोडीत मिटलं. ग्राहक चिडले ते योग्यच होतं; कशावरून कापलं हे सांगणं हा विकणाऱ्याचा धर्म आहे. पण तोवर त्याच रेकॉर्ड्स उत्तम म्हणून वाखाणल्या गेल्या होत्या, आणि त्या आवाजाने अजूनही उत्तम आहेत. मी त्या कुणाला काढून टाकायला सांगितलेल्या नाहीत. डिजिटल पायरी नीट केली तर तिने होणारं नुकसान वाईट कटिंगने होणाऱ्या नुकसानापुढे किरकोळ असतं.

स्वस्तात चांगलं हवं असेल तर ओजेसी, म्हणजे ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ ही मालिका बघा. फँटसी कंपनीने १९८० च्या दशकात प्रेस्टिज आणि रिव्हरसाइड या जॅझ कंपन्यांचे जुने अल्बम या मालिकेत साध्या वेष्टनांत काढले. टेप तेव्हा चाळीस वर्षांनी तरुण होती. क्राफ्ट रेकॉर्डिंग्जने २०२३ पासून हीच मालिका केव्हिन ग्रेच्या कटिंगने पुन्हा सुरू केली. बिल इव्हान्सच्या ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ची, २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये मुद्रित झालेली मैफल, ऐंशीच्या दशकातल्या स्वच्छ ओजेसीवर ऐकली तर ग्लासांची किणकिण आणि मागच्या टेबलांवरची कुजबुज हाताच्या अंतरावर येते. ब्लू नोटचीही क्लासिक व्हिनाइल नावाची स्वस्त मालिका आहे. कटिंग त्याच ग्रेचं, प्रेसिंग जर्मनीत, वेष्टन साधं. तुलना करून बघितलं तर वेष्टनाएवढा आवाजात फरक नाही. नवशिक्याला मी पहिल्यांदा हीच मालिका सुचवतो.

दोन प्रती शेजारी ठेवून ऐकायच्या तर काही पथ्यं पाळावी लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. आवाजाची पातळी जुळवा. एक प्रत नुसती किंचित मोठ्याने कापलेली असली तरी कान तिलाच चांगली म्हणतात, हा मनुष्यस्वभाव आहे. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप एवढ्यापुरतं पुरतं. दोन्ही रेकॉर्ड्स धुऊन घ्या. जुन्या बाजारातून, बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेकडून आणलेल्या एलपीवर पुण्याच्या पावसाळ्याची बुरशी असतेच, आणि ती उजेडात दिसत नाही, सुईला लागते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. जाड नव्या रेकॉर्डवर आर्मची मागची बाजू तुलनेने खाली जाते, सुईचा कोन बदलतो; आर्मची उंची बदलायची सोय असेल तर जुन्या-नव्याच्या मधली उंची धरा. आणि रेकॉर्ड दुसऱ्या कुणाला बदलायला सांगा, तुम्हाला न सांगता. महाग कोणती हे ठाऊक असताना निःपक्ष ऐकता येत नाही, मलाही येत नाही.

नवी रेकॉर्ड आली की त्याच दिवशी दोन्ही बाजू वाजवून बघा. मधलं छिद्र नेमकं मध्यावर नसेल तर आर्म दर फेरीला डावी-उजवीकडे डोलतो आणि पियानोचा लांब स्वर हेलकावे खातो. बिल इव्हान्स असलेल्या अल्बमवर हा दोष असह्य होतो. परदेशी परत पाठवणं खर्चिक, तेव्हा बदलून देणाऱ्या भारतातल्या विक्रेत्याकडून दोन पैसे जास्त देऊन घेणं परवडतं. एप्रिल-मेमध्ये मागवलीत तर कुरिअरवाल्याला दुपारी गाडीत ठेवू देऊ नका. उन्हात तापल्या गाडीत वाकलेली रेकॉर्ड सरळ होत नाही. घरी उभ्या ठेवा, भिंतीला न टेकवता, आणि जूनच्या आधी कागदी आतली पाकिटं काढून प्लास्टिकच्या अस्तराची घाला. काकांची मूळ पाकिटं टाकू नका, बाहेरच्या वेष्टनामागे जपून ठेवा.

तुमच्या दोन्ही प्रतींच्या रनआउटमध्ये काय काय कोरलं आहे ते पाहून कळवा, दोन्ही बाजूंचं, जसंच्या तसं. कोलंबियावर आकड्यांच्या शेवटी ‘१ए’, ‘२डी’ असं काहीतरी असेल, तोशिबावर वेगळी अक्षरं. टर्नटेबल आणि कार्ट्रिज कोणतं आहे तेही लिहा. जपानी ‘ब्लू ट्रेन’ तुमच्या स्पीकरवर कशी वाजेल हे त्यावरून बऱ्यापैकी सांगता येईल, आणि टोन पोएटचे पैसे वाचतीलही.